बर्फात रुतलेली गाडी: वाचकांचे प्रश्न

डिसेंबर उजाडला की कोल्हापूरच्या एमएच-०९ पाटीच्या गाड्या हिमाचलात मनाली-सिस्सूकडे दिसायला लागतात. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला आणि पूर्वी बर्फामुळे हिवाळाभर तुटलेलं लाहौल ९.०२ किलोमीटरच्या बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी आलं. त्यामुळे घाटाचा अनुभव दांडगा, पण बर्फ पहिल्यांदाच पाहणारे चालक तिथे मोठ्या संख्येने पोहोचतात. गेल्या हंगामानंतर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

संपादक, स. न. वि. वि. आमची क्रॉसओव्हर (कारच्याच बांधणीची, पण उंच गाडी) ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी आहे. गेल्या फेब्रुवारीत सिस्सूच्या पुढे वळवायला म्हणून रस्त्याच्या कडेला घेतली, ती गुडघाभर बर्फात बसली. ‘स्नो’ मोड चालू होता, चारही चाकं गरागरा फिरत होती, पण गाडी तसूभर हलली नाही. शेवटी तिथल्या लोकांनी जीपने ओढून काढली. विकताना ‘ही कुठंही जाते’ असं सांगितलं होतं. गाडीत काही दोष आहे का? (राजारामपुरी)

दोष गाडीत नाही, त्या वाक्यात आहे. चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे जमिनीवर पकड मिळते असं नाही. पकड ठरते दोन गोष्टींवर: टायरचं रबर आणि चाकावर पडणारं गाडीचं वजन. तुमच्या बाबतीत यातली दुसरी गोष्टच निघून गेली होती.

अशा गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) साधारण २०० मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे वीतभरही नाही. गुडघाभर बर्फ म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त. गाडी आत शिरली की बर्फ पोटाखाली दाबला जातो, घट्ट होतो आणि गाडी त्या गादीवर टेकते. मग सोळाशे-सतराशे किलोंचा मोठा वाटा पोटावर येतो आणि चाकं नुसती लोंबकळल्यासारखी राहतात. चाकावर वजन नसेल तर दोन फिरली काय आणि चार फिरली काय.

आता आतली यंत्रणा. रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक क्रॉसओव्हरमध्ये इंजिनाची ताकद मुळात पुढच्या चाकांना जाते. पुढची घसरली की मागच्या एक्सलजवळची क्लचप्लेटांची जोडणी आवळली जाते आणि मागच्या चाकांना वाटा मिळतो. या प्लेटा सतत घसरत राहिल्या तर तापतात. ठरावीक तापमानाच्या वर गेल्या की संगणक त्यांना सोडून देतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी काही वेळ नुसत्या पुढच्या चाकांवर राहते. दोन-तीन मिनिटं रेस देत राहिलात तर हे हमखास होतं. शिवाय डाव्या-उजव्या चाकांमध्ये ताकद वाटणारं डिफरन्शियल उघडं, म्हणजे लॉक न होणारं असतं, म्हणून जे चाक हलकं आहे तेच फिरत राहतं. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे ढकलायचं काम ट्रॅक्शन कंट्रोल करतं, पण तेही दुसऱ्या चाकाखाली काही पकड असेल तरच.

आणि कडेचा बर्फ वेगळा असतो. ताजा भुरभुरीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. सीमा सडक संघटनेच्या डोझरने बाजूला लोटलेला बर्फ दाबून दाबून त्याच्या कितीतरी पट जड झालेला असतो, त्यात दगड असतात, आणि पुष्कळदा त्याच्याखाली रस्त्याचं गटारही असतं. सपाट दिसतो म्हणून कडेला चाक घालू नये. वळायचं तर रस्ता साफ केलेला रुंद तुकडा मिळेपर्यंत पुढे जावं. आमचा ठोकताळा असा: ताजा बर्फ ग्राउंड क्लिअरन्सच्या निम्म्यापर्यंत असेल तर निर्धास्त, पूर्ण क्लिअरन्सपर्यंत असेल तर न थांबता आणि वळणं न घेता, त्यावर असेल तर गाडी घालायचीच नाही.

गाडी रुतलीच, आणि आसपास कोणी नाही, तर नेमकं कोणत्या क्रमाने काय करायचं? (कसबा बावडा, याच अर्थाची पत्रं जयसिंगपूर आणि कागलहून)

पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा. चाक दोन सेकंद फिरूनही गाडी सरकली नाही तर तिसऱ्या सेकंदाचा काही उपयोग नाही. फिरणारा टायर बर्फ वितळवतो, ते पाणी लगेच गोठतं आणि चाकाखाली काचेसारखा गुळगुळीत खळगा तयार होतो. सुरुवातीला दहा मिनिटांत निघणारी गाडी इथेच तासाभराचं काम होऊन बसते.

चारही इंडिकेटर लावा. माणसं उतरवून रस्त्याच्या सुरक्षित बाजूला, गाडीपासून लांब उभी करा. मग आधी मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. कारण पुढे सांगितलं आहे, पण हे काम खणण्याच्याही आधीचं.

बॅटरी घेऊन गाडीखाली पाहा. बर्फ कुठे कुठे टेकलाय? बहुधा इंजिनाखालचं प्लॅस्टिकचं कव्हर आणि मागच्या सस्पेन्शनचे आर्म या दोन जागा सापडतात. आता बाहेर कुठून पडायचं ते ठरवा. जवळजवळ नेहमी उत्तर एकच असतं: आलात तसे मागे. तिथे तुमच्याच चाकांनी दाबलेली चाकोरी तयार असते. पुढे काय आहे हे ठाऊक नसताना ‘थोडंसं पुढे घेऊन बघू’ म्हणणारा माणूस गाडीत असतोच. त्याला खोरं द्या.

खणताना पहिल्यांदा पोटाखालचं काढा, चाकांसमोरचं नंतर. लोक उलटं करतात: चाकं मोकळी करतात आणि गाडी पोटावर तशीच टेकलेली राहते. दोन्ही बाजूंनी लांब दांड्याच्या खोऱ्याने आडवं ओढत बर्फ बाहेर काढा. इंजिनाखालच्या कव्हरच्या क्लिपा थंडीत कडक झालेल्या असतात, तिथे धक्का देऊ नका. पोट मोकळं झालं की गाडी थोडी खाली बसते; ते चांगलं लक्षण आहे, चाकांवर वजन परत आलं. मग ज्या दिशेने निघायचं त्या बाजूला प्रत्येक चाकाच्या लगत टायरइतका रुंद आणि अडीच-तीन फूट लांब उतार काढा. उभी भिंत ठेवलीत तर चाक तिला धडकून पुन्हा जागीच फिरेल. खळग्यातला चकचकीत थर खोऱ्याच्या धारेने खरवडून खरबरीत करा. या एका कामाला लोक कंटाळतात आणि बहुतेक वेळा तिथेच अडतात.

स्टेअरिंग सरळ. चाकं वळलेली असतील तर ती नांगरासारखी बर्फ पुढे ढकलतात.

टायरवर चढवायची बर्फाची चेन असेल तर ती आत्ता लावा. जॅक लावायची वेळ आली तर त्याखाली फूटभर चौकोनी जाड फळी हवीच, नाहीतर जॅक बर्फात शिरतो नाहीतर सरकतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका. चेन नसेल आणि जवळ हवा भरायचा पंप असेल तर चारही टायर २० ते २२ पीएसआयपर्यंत उतरवा. टायर पसरतो, बुडणं कमी होतं. १८ च्या खाली नको, वळताना टायर रिमवरून निघू शकतो. रस्त्यावर आल्यावर पहिलं काम हवा भरायचं.

चाकाखाली घालायला वाळू किंवा बारीक खडी उत्तम. पाच-पाच किलोंच्या दोन पिशव्या डिकीत ठेवायला जड नाहीत. ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या खरबरीत फळ्या) असतील तर ते पुढच्या चाकांना निघायच्या दिशेने, टोक टायरखाली घट्ट सारून लावा. पायपुसण्या आणि गोणपाट चालतात, पण चाक फिरलं की ते गोळीसारखे फेकले जातात. त्यांच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही.

आता गाडी काढायची. ‘लॉक’ बटण (पुढच्या-मागच्या चाकांची जोडणी आवळून ठेवणारं) असेल तर दाबा. ट्रॅक्शन कंट्रोल आधी चालू ठेवूनच पाहा. इंजिन गुदमरतंय, रेस देऊनही आवाज वाढत नाही असं वाटलं तर बंद करा, कारण घसरण दिसली की ते इंजिनाची ताकदच कापतं. पण काही गाड्यांत ते बंद केलं की फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायची सोयही जाते, म्हणून दोन्ही करून पाहावं लागतं. मागे जाताना गिअर एकच, पण पुढे जायचं असेल तर पहिला सोडून दुसरा टाका. ऑटोमॅटिकमध्ये मॅन्युअल बाजूला घेऊन दुसरा धरा. क्लच हळू सोडा, इंजिन १२०० ते १५०० आरपीएमवर ठेवा. चाक घसरल्याचं जाणवलं की लगेच पाय काढा.

तेवढ्याने नाही निघाली तर झुलवा. अर्धा फूट मागे, ती थांबून स्वतःहून पुढे कलली की पुढे, पुन्हा मागे. दर वेळी चाकोरी जराशी लांबते. ऑटोमॅटिकमध्ये डी आणि आर बदलताना मध्ये ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवा, नाहीतर गिअरबॉक्सचं नुकसान होतं. चार-पाच झोके झाले की दहा मिनिटं थांबा. ड्युअल क्लच आणि सीव्हीटी या प्रकारचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यात फार लवकर तापतात. ढकलणाऱ्यांनी दारांच्या खांबांना हात लावून बाजूने ढकलावं. उतारावर गाडीच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहू नये, कितीही ताकदवान असला तरी.

सुटली की थांबू नका. माणसं नंतर चालत येतील.

बर्फाच्या चेन महाग पडतात. उद्यमनगरात आमच्या ओळखीत चांगलं फॅब्रिकेशन होतं. टायरचं माप देऊन चेन करून घेतल्या तर? (मंगळवार पेठ)

उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हाताबद्दल शंका नाही, पण हे करू नका. अडचण आहे जागेची. टायरची आतली बाजू आणि सस्पेन्शनचा स्ट्रट (चाकामागचा उभा दांडा) यांच्यात अनेक क्रॉसओव्हरमध्ये बोटभर फट असते. म्हणून बाजारात १२ मिलिमीटर, ९ मिलिमीटर आणि त्याहून बारीक जागा लागणाऱ्या चेन वेगवेगळ्या मिळतात. साध्या लोखंडी साखळीची कडी जाड असते. ती स्ट्रटला घासते, नाहीतर ब्रेकचा होज (तेलाची नळी) किंवा एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची वायर तोडते. दुसरं म्हणजे पोलाद. चांगल्या चेनच्या कड्या मिश्रधातूच्या आणि वरचा थर कडक केलेल्या असतात. माइल्ड स्टीलची कडी मोकळ्या डांबरावर आली की भराभर झिजते, तुटते, आणि तुटलेलं टोक चाकाच्या वेगाने मडगार्डवर आदळत राहतं.

विकत घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा. त्यात कोणत्या मापाच्या टायरवर चेन चालते, कोणत्या एक्सलवर लावायची आणि मुळात चालते का, हे लिहिलेलं असतं. पुढच्या चाकांवर जोर असलेल्या बहुतेक गाड्यांना जोडी एकच असेल तर पुढे लावतात. त्यातली खोच अशी की पुढची चाकं धरतात आणि उतारावर ब्रेक लावला की मागचा भाग बाजूला फिरतो. चारही चाकांना चेन हे सगळ्यात चांगलं.

लावताना चेन जमिनीवर पसरून पीळ काढा, आतली तार टायरच्या मागून घेऊन आधी आतला हूक अडकवा, मग बाहेरचा, मग ताण. पन्नास-शंभर मीटर चालवून थांबा आणि पुन्हा ताणा. पहिल्यांदा नेहमीच सैल पडते. वेग ३० च्या आसपास. डांबर उघडं दिसलं की काढा. आणि हे सगळं आधी कोल्हापुरात, पोर्चमध्ये, हातमोजे घालून करून पाहा. उणे तापमानात, अंधारात, सूचनांचा कागद वाचत चेन लावायची वेळ येऊ देऊ नका.

उद्यमनगरात करून घ्यायचंच असेल तर डिकीत मावेल असं, दांडा दोन तुकड्यांत निघणारं खोरं करून घ्या. तसं तयार सहज मिळत नाही.

टायरमध्ये हवा किती ठेवावी? कोणी कमी सांगतं, कोणी जास्त. आणि ‘एम प्लस एस’ लिहिलेले टायर म्हणजे बर्फाचे का? (इचलकरंजी)

दुसरं आधी. ‘एम प्लस एस’ हे फक्त खाचांच्या नक्षीबद्दल आहे, चिखल आणि बर्फासाठी. रबराबद्दल ते काही सांगत नाही. खऱ्या हिवाळी टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं. आपल्या नेहमीच्या टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होत जातं. हिवाळी टायरचं मऊ राहतं. पकडीतला मोठा फरक तिथून येतो. हिवाळी टायर असलेली साधी पुढच्या चाकांची गाडी उन्हाळी टायरवरच्या ऑल-व्हील-ड्राइव्हपेक्षा बर्फात लवकर थांबते. पण एका सहलीसाठी कोल्हापुरातून हिवाळी टायर घालून जाणं शहाणपणाचं नाही, वाटेतल्या दोन हजारांहून जास्त किलोमीटर गरम डांबरावर ते झिजून जातील. चेन घ्या.

हवेचं गणित. तापमान उतरलं की दाब कमी होतो, पण उंची वाढली की बाहेरचा दाब कमी झाल्याने गेजवर आकडा चढतो. कोल्हापुरात ३० अंशांना ३३ पीएसआय भरलीत, तर सुमारे ३,१०० मीटर उंचीवरच्या सिस्सूला उणे ५ अंशांत गेज साधारण ३१ दाखवेल. हेच तापमान कोल्हापूरच्याच उंचीवर असतं तर २७-२८ दाखवलं असतं. म्हणून दोन्ही सांगणारे आपापल्या जागी बरोबर. मनालीत सकाळी, गाडी हलवायच्या आधी गेज लावा आणि दाराच्या खांबावरच्या पट्टीवरचा आकडा ठेवा. साफ केलेल्या रस्त्यावर मुद्दाम कमी हवा ठेवून काही मिळत नाही.

ऑल-व्हील-ड्राइव्ह असल्यावर उतारावर किती वेग सुरक्षित? (गडहिंग्लज)

ब्रेक सगळ्याच गाड्यांचे चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना तुमच्या गाडीला काडीचाही फायदा नाही. उलट चढ सहज चढल्यामुळे चालक गाफील राहतो. ताशी ४० वेगाने, प्रतिक्रियेचा वेळ सोडून, कोरड्या डांबरावर गाडी सुमारे ८ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर ३० मीटरच्या वर, गोठलेल्या काचेसारख्या थरावर ६० मीटरच्या वर. आणि त्याच थरावर रस्ता शंभर मीटरला सहा मीटर उतरत असेल तर दीडशे मीटरच्याही पुढे. करूळ घाट उतरताना दुसऱ्या गिअरला गाडी धरता तशीच इथे पहिल्या-दुसऱ्याला धरा. वेग २०. हिल डिसेंट कंट्रोल (उतारावर वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर चालू करा. बोगद्याच्या तोंडाशी जास्त सांभाळा: आत रस्ता कोरडा असतो, बाहेर पहिल्या काही मीटरवरच बर्फाचा पातळ, न दिसणारा थर असू शकतो. शून्याच्या आसपासचा, वर पाण्याचा पापुद्रा असलेला बर्फ उणे पंधराच्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, हेही लक्षात असू द्या. दुपारी चांगला वाटलेला रस्ता संध्याकाळी पाच वाजता तोच राहत नाही.

बर्फात अडकून गाडीतच रात्र काढावी लागली तर हीटर लावून झोपलं तर चालतं का? सोबत लहान मुलं असतात. (शाहूपुरी)

हीटर लावून झोपायचं नाही. बर्फ पडत राहिला की सायलेन्सरचं तोंड बुजतं, धूर गाडीखाली साठतो आणि आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ आणि गुंगी ही लक्षणं थंडी-थकव्याचीच वाटतात, आणि माणूस झोपेतच जातो.

तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा. प्रत्येक वेळी आधी उतरून सायलेन्सरभोवती दोन-तीन फूट बर्फ काढा. वारा ज्या बाजूने येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. मोठ्यांपैकी एकाने जागं राहायचं. इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी तासाला साधारण पाऊण ते एक लिटर इंधन जातं, म्हणजे दहा-दहा मिनिटांच्या हिशेबाने अर्धी टाकी पुष्कळ रात्री पुरते. म्हणून डोंगरात टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका. हायब्रिड गाडीत इंजिन आपोआप सुरू होतं. शांत आहे म्हणजे बंद आहे असं समजू नका, यंत्रणा पूर्ण बंद करा.

गाडी सोडून चालत निघू नका. ११२ वर फोन करा, जागा सांगा, फोन वाचवून ठेवा. मुलांचे पाय कोरडे ठेवा, ओले मोजे लगेच बदला. आणि बर्फ पडायला लागल्यावर वर जाऊ नका. त्या दिवशी खालीच गाड्या अडवून फक्त फोर-बाय-फोर आणि चेनवाल्या गाड्या सोडतात. तुमची गाडी त्यात बसते का हे ठरवणं तिथल्या पोलिसांकडे असतं. वाद घालून वर गेलेल्यांना आणायलाही त्यांनाच यावं लागतं.

डिझेल गोठतं म्हणतात. कूलंटमध्ये आम्ही नुसतं पाणी टाकतो, चालेल ना? (मुरगूड)

चालणार नाही. पाणी गोठताना फुगतं आणि रेडिएटर, प्रसंगी इंजिनाचा ब्लॉकही फोडतं. निम्मं इथिलिन ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. निघण्याआधी पूर्ण बदलून घ्या, वरून भर घालून प्रमाण कळत नाही. काच धुण्याच्या टाकीतलंही पाणी काढून थंडीत न गोठणारं द्रव भरा. त्यात कूलंट ओतू नका, ते विषारी आहे आणि काचेवर चिकट थर बसतो.

डिझेल गोठण्याआधी त्यातलं मेण वेगळं होऊन फिल्टर बंद करतं. लडाखच्या थंडीसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते त्यासाठीच. तुम्ही एवढंच करा: मैदानातलं डिझेल संपवत जा आणि डोंगरातल्या पंपावर टाकी भरा. धूर स्वच्छ करायला युरियाचं द्रव वापरणाऱ्या डिझेल गाडीत ते द्रव उणे ११ ला गोठतं, पण गाडी ते स्वतः वितळवून घेते. इंजिन सुरू व्हायला अडचण येत नाही.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक गोठून चिकटतात. गिअरमध्ये किंवा पी मध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते.

जुलैत शेताच्या पाणंदीत गाडी रुतली. ‘स्नो’ मोड लावला तरी निघाली नाही, ट्रॅक्टरने काढताना बंपर तुटला. बर्फाची पद्धत चिखलाला लागू नाही का? (शिरोळ तालुका)

खणणं, सरळ चाकं, आल्या वाटेने परत, हे सगळं लागू. मोड नाही. ‘स्नो’ मोड रेस मंद करतो. काळ्या मातीत टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत होतं आणि त्या खाचांतला चिखल फेकायला चाकाला थोडा वेग लागतो. मोड साधा ठेवा, ‘लॉक’ लावा, ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा. टायरला चिकटलेली माती काढून बाजूने हवा शिरू द्या, नाहीतर ती चाक ओढून धरते. चाकाखाली विटांचे तुकडे किंवा उसाचं पाचट जाड थराने घाला.

बंपर तुटला तो ट्रॅक्टरच्या ताकदीने नाही, झटक्याने. क्रॉसओव्हरचा टो-हुक रस्त्यावर ओढायला केलेला असतो, रुतलेली गाडी हिसडून काढायला नाही. तो टूलकिटमध्ये सुटा असतो. बंपरवरचं झाकण काढून सगळे आटे बसेपर्यंत फिरवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून घट्ट होतात. लोखंडी साखळी नको, पाच टनांचा पट्टा घ्या. पट्ट्याच्या मधोमध ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तर उडणार नाही. पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभं राहायचं नाही. आधी खणा, मग ट्रॅक्टर लो-पहिल्या गिअरला, पट्टा ताणला जाईपर्यंत अगदी सावकाश, आणि मग एकसारखा, सरळ रेषेत. उसाची ट्रॉली काढताना झटका देण्याची सवय असलेल्या चालकाला हे आधी सांगावं लागतं.

बर्फावर चालवण्याचा सराव कोल्हापुरात करता येईल का? (ताराबाई पार्क)

बर्फाचा नाही, घसरण्याचा करता येईल. पन्हाळ्याकडच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) गाडी घालू नका, तिथली वनस्पती चिरडते. परवानगी असलेलं मोकळं, ओलं मैदान पाहा. ताशी २० वेगाने ब्रेक पूर्ण दाबा. पायाखाली एबीएसची थरथर जाणवेल. तिला घाबरून पाय उचलायचा नाही, तसाच दाबून ठेवत स्टेअरिंग फिरवून पाहायचं. त्याच दिवशी टो-हुक लावून काढा, चेन लावून काढा, आणि ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण नुसतं दाबल्यावर आणि काही सेकंद धरून ठेवल्यावर डॅशबोर्डवर काय वेगळं दिसतं ते पाहून ठेवा. बऱ्याच गाड्यांत या दोन्हींचे अर्थ वेगळे असतात.